डिझेलवर टाकलं की स्प्रेड वाढून ट्रिप: नोझल बदलून दमलो आणि दोष निघाला भलतीकडेच

गॅसवर मशीन, म्हणजे वीज बनवणारं गॅस टर्बाइन, गरीब गाईसारखं चालतंय, एक्झॉस्ट स्प्रेड (बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या तापमानातला जागोजागचा फरक) पंचवीस-तीस डिग्री, कुणाची काही तक्रार नाही, आणि डिझेलवर चेंजओव्हर दिला की पाच-दहा मिनिटांत स्प्रेड चढायला लागतो, आधी अलार्म आणि मग ट्रिप, म्हणजे मशीन स्वतःहून बंद. नोझल (इंधन फवारणारी तोंडं) काढून साफ करून बसवली की महिना-दोन महिने ठीक, परत पहिले पाढे पंचावन्न. हे ज्यांच्याकडे होतंय त्यांच्यासाठी लिहितोय, कारण आम्ही यात दीड वर्ष घालवलं आणि तीन वेळा अख्खा नोझलचा सेट बदलला, आणि खरं कारण कळलं तेव्हा स्वतःच्याच डोक्यात मारून घ्यावंसं वाटलं.

मशीन जीईचं फ्रेम सिक्स बी, ड्युअल फ्युएल, कॅप्टिव्ह प्लांट (कारखान्याचा स्वतःचा वीजप्रकल्प), कोकण किनाऱ्यावर, यापेक्षा जास्त पत्ता सांगत नाही. १० कॅन (इंधन जळतं ते डबे), ५१०० च्या आसपास आरपीएम, चाळीसेक मेगावॅट. मुख्य इंधन गॅस आणि एचएसडी, म्हणजे डिझेल, फक्त बॅकअपला. म्हणजे डिझेल वर्षात मोजून चार-पाच वेळा लागणार, पण लागणार तेव्हा गॅसचं प्रेशर पडलेलं असतं आणि सगळा प्लांट आपल्या जिवावर उभा असतो, आणि नेमकं तेव्हाच हे मशीन मान टाकणार. तुमचं मशीन नाइन ई असेल तर कॅन १४, बाकी गोष्ट साधारण तीच.

आधी स्प्रेडबद्दल थोडं, कारण नवीन पोरं पॅनलवर आकडा बघतात पण तो कुठून आला ते बघत नाहीत. एक्झॉस्टला गोल फिरवून थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) लावलेली असतात, त्यातलं सगळ्यात गरम वजा सगळ्यात थंड म्हणजे स्प्रेड एक, गरम वजा दुसरं थंड म्हणजे स्प्रेड दोन, तसंच तीन. किती चालेल ती लिमिट कंट्रोलर स्वतः काढतो, कॉम्प्रेसर डिस्चार्ज (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी हवा) आणि एक्झॉस्टच्या टेम्परेचरवरून. आता ट्रिप देताना तो नुसता आकडा बघत नाही, थंड थर्मोकपल शेजारी शेजारी आहेत का तेही बघतो. आणि आपणही पहिल्यांदा तेच बघायचं. एकच थर्मोकपल एकटं खाली गेलंय आणि शेजारचे दोन्ही ठणठणीत आहेत तर बहुतेक थर्मोकपलच गेलंय, लीड बदलून बघा, दोष लीडबरोबर सरकतो का कळेल. पण शेजारचे दोन-तीन मिळून खाली जात असतील तर एखादा कॅन उपाशी आहे, इंधन कमी मिळतंय, हे धरून चाला.

कुठला कॅन ते मात्र थर्मोकपलच्या सरळ समोरचा नसतो हां. जळालेला गरम वायू टर्बाइनच्या स्टेजमधून फिरत फिरत बाहेर येतो त्यामुळे थंड डाग सरकलेला दिसतो, आणि किती सरकला ते लोडप्रमाणे बदलतं, नो लोडला वेगळं आणि फुल लोडला वेगळं. याला स्वर्ल म्हणतात, मॅन्युअलमध्ये चार्ट असतो, तो बघूनच कॅन ठरवा. आमच्याकडे पहिल्या वेळी कुणीतरी चार्ट न बघता समोरचा कॅन उघडला, त्यातलं नोझल अगदी लख्ख निघालं, आणि त्यावरून ‘नोझल ठीक आहेत, कंट्रोलचा प्रॉब्लेम आहे’ असा निष्कर्ष निघून इन्स्ट्रुमेंटवाल्यांच्या मागे आठवडाभर भुंगा लागला. ते बिचारे सर्व्हो तपासतायत, फ्लो डिव्हायडरचे पिकअप तपासतायत, सगळं ठीक.

आता फ्लो डिव्हायडरकडे येतो, कारण अख्ख्या शोधात सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही त्याच्याकडेच होतं. पंपाकडून येणारं डिझेल हा १० सारख्या वाट्यांत वाटतो, आत गिअरच्या जोड्या एकमेकांना बांधलेल्या, सगळ्या एकाच वेगाने फिरणार, म्हणजे प्रत्येक लाइनला ढोबळमानाने तेवढंच डिझेल जाणार. शेजारी एक सिलेक्टर व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज असतो, नॉब फिरवत गेलं की एकेका लाइनचं प्रेशर दिसतं. बऱ्याच प्लांटमध्ये त्या नॉबवर धुळीचा थर असतो, आमच्याकडेही होता. वाटा सारखा असल्यामुळे प्रेशर खूप बोलतं: एखाद्या लाइनला प्रेशर बाकीच्यांपेक्षा जास्त असेल तर पुढे कुठेतरी अडथळा आहे, नोझल चोक किंवा चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) पूर्ण उघडत नाही. प्रेशर कमी असेल तर पुढे गळती आहे, नोझलची टिप झिजलीय, किंवा डिझेल भलतीकडे जातंय. डिझेलवर चालताना दर वेळी हे १० आकडे लिहून ठेवा, वहीत ठेवा, एक्सेलमध्ये ठेवा, पण ठेवा. एका दिवसाच्या आकड्यावरून काही कळत नाही, चार वेळचे शेजारी ठेवले की दिसतं.

आमच्या चार वेळच्या आकड्यांत दिसलं असं की प्रेशर नेहमी ३, ४ आणि ५ नंबरच्या लाइनचं चढतं. कधी ४ जास्त कधी ५, पण घोळका तोच, मशीनची एकच बाजू. नोझल नवीन असो की जुनं, तेच. तिथे पहिल्यांदा डोक्यात आलं की बाबा, दोष नोझलमध्ये असता तर नोझलबरोबर गेला असता ना. हा दोष जागेला चिकटलाय.

पुढच्या शटडाउनला आम्ही नोझल बाजूला ठेवली आणि नोझलच्या आधी लाइनवर बसलेले चेक व्हॉल्व्ह काढले. आमचे जुने फिटर, सगळे त्यांना मामा म्हणतात, त्यांनी ४ नंबरचा व्हॉल्व्ह व्हाइसमध्ये धरून उघडला आणि माझ्यासमोर धरला. “साहेब, वास घ्या.” घेतला. करपलेल्या तेलाचा, आषाढात तळणी झाल्यावर कढई न घासता तशीच राहिली की येतो तसला. आत पॉपेटच्या (व्हॉल्व्हच्या आतल्या सरकणाऱ्या भागाच्या) कडेने तपकिरी-काळं लुकण बसलेलं, वार्निशसारखं चकचकीत, नखाने निघत नाही. बोटाने पॉपेट दाबला तर आधी हललाच नाही, जोर लावल्यावर कट्‌ करून अर्धा गेला आणि तिथेच राहिला, स्प्रिंगने परत आणलाच नाही. मग ९ नंबरचा उघडला, तो आतून पिवळट होता पण पॉपेट टिचकी मारली तरी उसळत होता. मामा म्हणाले, “हा चार नंबर चुलीवर बसलेला दिसतोय.” त्या माणसाने एका वाक्यात जे सांगितलं ते समजायला मला अजून दोन महिने लागले.

होतं काय ते सांगतो. गॅसवर चालताना डिझेलच्या लाइनी भरलेल्या असतात पण डिझेल हलत नसतं, चेक व्हॉल्व्हच्या मागे नुसतं उभं. तो व्हॉल्व्ह बसलाय टर्बाइन कंपार्टमेंटमध्ये, केसिंगच्या अगदी जवळ, आणि त्या केसिंगच्या आत कॉम्प्रेसर डिस्चार्जची हवा सव्वातीनशे-साडेतीनशे डिग्रीची. डिझेल सव्वाशे डिग्रीच्या आसपास तापून उभं राहिलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कामाला लागतो, आधी डिंकासारखं चिकट बनतं, मग वार्निश, मग कडक कोक. वाहतं डिझेल स्वतःबरोबर उष्णता घेऊन जातं म्हणून त्याला एवढा त्रास होत नाही. उभं राहिलेलं डिझेल म्हणजे मंद आचेवर ठेवलेलं दूध, लक्ष नसलं की बुडाला लागणारच.

त्यात पर्ज एअरची भानगड आहे. गॅसवर असताना नोझलचा डिझेलचा मार्ग रिकामा ठेवून त्यातून हवा सोडतात, नाहीतर कॅनमधला गरम गॅस त्यात शिरेल. म्हणजे नोझलजवळ पाइपांचा एक टी-जोड असतो, एकीकडून डिझेलचा चेक व्हॉल्व्ह, दुसरीकडून पर्ज एअरचा. डिझेलचा नीट बसत नसेल तर दोन गोष्टी होतात, एक तर डिझेल थेंबथेंब पुढे झिरपतं आणि गरम भागावर पडून तिथेच जळतं, किंवा पर्जची हवा उलटी डिझेलच्या लाइनीत घुसते आणि लाइन रिकामी करते. दुसरी जास्त डेंजर, कारण चेंजओव्हर दिला की बाकीच्या लाइनी भरलेल्या आणि ही एक रिकामी, हिला भरेपर्यंत तो कॅन थंड, स्प्रेड वर. चेंजओव्हरच्या पहिल्या मिनिटातच स्प्रेड उसळून मग खाली येत असेल तर रिकाम्या लाइनीचा संशय घ्या, आणि हळूहळू चढून वरच राहत असेल तर चोकचा. आणि पर्जचा चेक व्हॉल्व्ह अडकून उघडा राहिला असेल तर डिझेलवर चालताना डिझेल उलटं पर्ज मॅनिफोल्डमध्ये जातं, फ्लो डिव्हायडरवर त्या लाइनीचं प्रेशर कमी दिसतं आणि मॅनिफोल्डच्या ड्रेनला डिझेल टपकतं. ड्रेनखाली हात धरायला जाऊ नका, डबा ठेवा.

हे सगळं कळलं तरी प्रश्न उरतोच की ३, ४, ५ च का, दहाही व्हॉल्व्ह त्याच केसिंगवर बसलेत की. इथे एक अगदी स्वस्त उपाय कामी आला. टेम्परेचर स्टिकर मिळतात, पट्टीवर छोटे चौकोन असतात, जेवढं तापमान होऊन गेलं तेवढे चौकोन काळे होतात आणि परत पांढरे होत नाहीत. दहाही चेक व्हॉल्व्हच्या अंगावर एकेक चिकटवला आणि मशीन लावलं. पुढच्या संधीला, महिन्याभराने, कंपार्टमेंट उघडून बघितलं तर ८, ९, १० वर ११० पर्यंत काळं, आणि ३, ४, ५ वर १६० च्या पुढे. एकाच मशीनच्या दोन बाजूंत पन्नास डिग्रीचा फरक!

मग वर मान करून बघितलं. कंपार्टमेंटच्या हवेचे डँपर (झडपा) असतात, आग लागून ती विझवायला सीओटू सुटला की बंद होतात म्हणजे तो सीओटू आत राहतो. त्या बाजूचा एक डँपर अर्ध्याहून जास्त खाली पडलेला, लॅच नीट चढलेलाच नव्हता. व्हेंटिलेशन फॅन दोन्ही मजेत चालू, पॅनलवर हिरवे, फॅनचा करंट नॉर्मल, पण हवा सगळी दुसऱ्या बाजूने सोप्या वाटेने जातेय आणि या बाजूला नुसती कोंडलेली भट्टी. रजिस्टर चाळलं तर दीड वर्षापूर्वी फायर सिस्टिमची पफ टेस्ट (थोडा सीओटू सोडून घेतलेली चाचणी) झालेली, आणि टेस्टनंतर डँपर हाताने वर करून लॅच करावे लागतात, ते सगळे केले एक सोडून. आमचा त्रास सुरू झाला त्याच्या पुढच्याच महिन्यात. कुणी केलं ते शोधायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही, टेस्टच्या परमिटवर सह्या आमच्यापैकीच लोकांच्या होत्या.

कंपार्टमेंटच्या तापमानाचा अलार्म का आला नाही असं विचाराल, आम्हीही विचारलं. तापमान बघणारा स्विच बसलाय दुसऱ्या बाजूला, जिथे हवा छान खेळतेय. सेन्सर खोटं बोलत नव्हता, तो त्याच्या जागेचं खरं सांगत होता.

डँपर वर केला, लॅचची झिजलेली पिन बदलली. आणि तेवढ्यात समजलं की त्याच बाजूला केसिंगचं इन्सुलेशनचं एक ब्लँकेट मागच्या कुठल्यातरी इन्स्पेक्शननंतर परत बसवलेलंच नाही आणि ५ नंबरची ट्यूब सपोर्टची क्लिप तुटल्यामुळे केसिंगला टेकलेली. म्हणजे तीन-तीन कारणं एकाच बाजूला. ट्यूब बोटभर लांब घेतली, क्लिप लावली, ब्लँकेट चढवलं. खर्च विचाराल तर एका नोझलच्या किमतीत हे सगळं दहा वेळा झालं असतं.

आणखी एक गोष्ट, जी मला आधी माहीतच नव्हती. सगळ्यात जास्त कोक मशीन चालताना नाही, बंद झाल्यावर बनतो. चालताना निदान फॅनची हवा फिरत असते. मशीन थांबलं, इंधन थांबलं, हवा मंदावली, पण केसिंग आणि रोटरमध्ये साठलेली उष्णता कुठे जाणार, ती बाहेर झिरपत येते आणि लाइनीतल्या उभ्या डिझेलला शेकते. सोकबॅक म्हणतात याला. विमानवाल्यांचंही हेच दुखणं आहे, सीएफएम या इंजिन कंपनीच्या लीप इंजिनांची फ्युएल नोझल कोकने भरायची आणि वेळेआधी बदलावी लागायची, म्हणून सीएफएमने रिव्हर्स ब्लीड सिस्टिम आणली, इंजिन बंद केल्यावर आतली उष्णता ओढून काढायला. हे वाचलं तेव्हा जरा बरं वाटलं, एवढ्या मोठ्या लोकांनाही कढई करपण्याचा प्रॉब्लेम आहे तर. म्हणून तुमच्या लॉजिकमध्ये शटडाउननंतर व्हेंटिलेशन फॅन किती वेळ चालतो ते जाऊन बघा, ‘वीज वाचवायला’ कुणी हाताने बंद करत नाही ना तेही विचारा. आमच्याकडे नाइट शिफ्टला आवाज होतो म्हणून बंद करायचे, खरं सांगतोय.

आणि डिझेलवर चालू असताना शक्य असेल तर सरळ बंद करू नका, आधी गॅसवर घ्या, पर्ज एअरला नोझल झाडून घेऊ द्या, मग शटडाउन. ट्रिप झालं तर इलाज नाही, पण प्लॅन्ड शटडाउनला एवढं करता येतं. गॅसच नसेल तर अर्थातच प्रश्न मिटला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डिझेल हलतं ठेवा. आम्ही आता दर पंधरा दिवसांनी, लोड स्थिर असताना, तासभर डिझेलवर घेतो. मॅनेजमेंट कुरकुर करते, डिझेल महाग आहे, मान्य. पण बॅकअप जो वर्षभर वापरून बघितलाच नाही तो बॅकअप नाहीच, नुसतं टाकीतलं तेल आहे. त्या तासात १० लाइनींचे प्रेशर, स्प्रेड, चेंजओव्हरला लागलेला वेळ हे सगळं लिहून घेतो. चेंजओव्हर स्वतःच तीसेक सेकंदांचा असतो, त्यात मेगावॅट किती हलले तेही बघा.

टाकीतल्या डिझेलकडेही बघा. दोन-दोन वर्षं पडलेलं डिझेल आधीच अर्धं म्हातारं झालेलं असतं, रंग काळपट होतो, फिल्टरचा डीपी (दोन बाजूंच्या प्रेशरमधला फरक) लवकर वाढतो, आणि असलं डिझेल गरम जागी लवकर जमतं. टाकीच्या बुडाचं पाणी नेमाने ड्रेन करा. पावसाळ्यात तर आमच्याकडे आठवड्याला.

उष्णता नेहमीच शत्रू असते असंही नाही, हे गंमत म्हणून सांगतो. विमानात इंधनानेच ऑइल थंड करतात आणि त्याच वेळी ऑइलने इंधन गरम होतं, एका हीट एक्स्चेंजरमध्ये दोन्ही कामं. १७ जानेवारी २००८ ला बीजिंगहून येणारं ब्रिटिश एअरवेजचं ७७७ हीथ्रोच्या रनवेच्या अलीकडेच उतरलं ते इंधनातल्या पाण्याचा बर्फ नेमका त्या एक्स्चेंजरच्या तोंडावर अडकल्यामुळे, दोन्ही इंजिनांना ऐन वेळी हवं तेवढं इंधन मिळालं नाही. १५२ माणसं होती, सगळी वाचली. आपल्याकडे इंधन करपून अडकतं, तिकडे गोठून अडकलं. आणि तिथेही दोष इंजिनाच्या आत शोधून सापडला नसता, तो वाटेत होता.

काही उपाय लोकांनी सुचवलेले, त्यावर माझं मत. स्प्रेडची लिमिट वाढवा किंवा थंड थर्मोकपल बायपास करा असं सांगणारा प्रत्येक प्लांटमध्ये एक असतो. त्याचं ऐकू नका, स्प्रेड म्हणजे ब्लेडवर कमी-जास्त तापमानाचा मारा, आणि एखादा कॅन विझला असेल तर कळणारही नाही, हॉट गॅस पाथचा (गरम वायू जातो त्या ब्लेडसकट भागांचा) खर्च कुणाच्या पगारातून निघणार नाही. नोझल केमिकलमध्ये बुडवून साफ करणं ठीक आहे पण नंतर फ्लो बेंचवर (प्रवाह मोजायच्या यंत्रावर) सगळी जुळवून घ्या, नुसती दिसायला चकाचक नकोत. चेक व्हॉल्व्ह तर घासून परत वापरूच नका, वार्निश निघतं पण सीट ओरखडते आणि मग गळायला लागतो. वॉटर कूल्ड चेक व्हॉल्व्ह येतात, जॅकेटमधून कूलिंग वॉटर फिरवून व्हॉल्व्ह थंड ठेवतात, तो खरा पक्का इलाज आहे, आम्ही प्रस्ताव दिलाय, तो सध्या फाइलीत झोपलाय. पाणी आणलं की पाण्याची गळतीही आली हे मात्र लक्षात ठेवा, गरम केसिंगवर पाणी टपकलं तर वेगळंच लफडं.

कंपार्टमेंटमध्ये जाताना सीओटू आयसोलेट करून, गॅस चेक करून, परमिट घेऊन जा, आणि मशीन गरम असताना घाई करू नका, स्टिकर कुठे पळून जात नाहीत. आणि पफ टेस्ट झाली की डँपर मोजा. आमच्या परमिटवर आता ‘डँपर किती, लॅच किती’ असे दोन रकाने आहेत, दोन वेगळ्या माणसांनी भरायचे.

सध्याची स्थिती: आठ महिन्यांत डिझेलवर एकदाही ट्रिप नाही, त्यातला एक चेंजओव्हर गॅस खरोखर पडला तेव्हाचा, रात्री अडीचला, स्प्रेड चाळिशीच्या आत राहिला. नवीन स्टिकर दोन्ही बाजूंना ११०-१२० दाखवतायत. फक्त ६ नंबरची लाइन मागच्या दोन वेळांपासून बाकीच्यांपेक्षा थोडी जास्त प्रेशर दाखवतेय, ट्रिपच्या जवळपासही नाही, पण वहीत तो आकडा लाल पेनाने गोल केलाय आणि पुढच्या शटडाउनला पहिला तोच व्हॉल्व्ह उघडणार आहोत. मामांनी व्हाइस आत्ताच पुसून ठेवलाय.